तापाची भाषा आणि बाळाचे मौन

आरती आटोपलेली असते, प्रसादासाठी रांग लागलेली असते, आणि गणपतीच्या मांडवातील त्या गर्दीतून वाट काढत कोणी तरी आजोबा माझ्यापर्यंत येऊन पोहोचतात. "डॉक्टर, दोन दिवस झाले, नातवाचा ताप हटत नाही. औषध दिले की उतरतो, पुन्हा चढतो. काही तरी जालीम लिहून द्या बघू." नातू त्या वेळी मांडवामागे इतर मुलांबरोबर पळापळी खेळत असतो. भोपाळमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे काढल्यावर हा संवाद मला पाठ झाला आहे.

याच वर्षांत दुसराही एक संवाद वारंवार कानी पडला. त्यात आवाज वर चढलेला नसतो, घाई नसते. "बाळ जरा सुस्त वाटते, दूध ओढत नाही. पण ताप नाही हो." हे वाक्य ऐकले की मात्र माझ्या पोटात गोळा येतो.

मोठ्या मुलाच्या तापाला आपण गरजेपेक्षा जास्त घाबरतो आणि नवजात बाळाच्या मौनाला पुरेसे घाबरत नाही. या दोन चुका परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण ताप म्हणजेच रोग असे धरून चालतो. वास्तविक ताप हे शरीराने रोगाला दिलेले उत्तर आहे, आणि प्रत्येक वयाचे शरीर ते उत्तर एकाच भाषेत देत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने वैद्यक व्यवसायातील स्नेह्यांशी आणि घराघरांतील आजी-आजोबांशी या विषयावर दोन शब्द बोलावेत, असे मनात आले.

ताप येतो कोठून?

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे एल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती अळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमला होता. परकी वस्तू आत शिरली की तिला गिळण्यासाठी शरीरातील पेशी धावून जातात, ही कल्पना तेथे जन्मली. १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बोटात काटा मोडला म्हणजे भोवती लाली येते, सूज चढते, ठणका लागतो. यातील बराचसा भाग काट्याने केलेला नसतो. तो आपल्याच पेशींचा उद्योग असतो.

जंतूंच्या बाबतीतही असेच घडते. आपल्या भक्षक पेशींवर जंतूंच्या आवरणावरील ठरावीक खुणा ओळखणारी ग्रहणस्थाने असतात. या ओळखीच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. खूण पटली की पेशी इंटरल्युकिनसारखी रसायने रक्तात सोडतात. त्यांचा निरोप मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जातो, तेथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकतो. गिझरचा काटा कोणी साठवरून सत्तरवर नेऊन ठेवावा, तसेच हे. आता ९८.६ अंशांवर असलेल्या शरीराला आपण थंड पडलो आहोत असे वाटू लागते. म्हणून हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, मूल पांघरूण मागते. पॅरासिटामॉल हा काटा पुन्हा खाली आणते. त्याचा अंमल चार-सहा तासांनी ओसरला की काटा परत वर जातो. "औषध लागू पडले नाही" असे आजोबांना वाटते. प्रत्यक्षात औषधाने आपले काम केलेले असते आणि शरीर आपले काम पुढे चालू ठेवते.

हे काम निरर्थक नाही. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. या सरड्यासारख्या प्राण्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. जंतुसंसर्ग घडवून आणलेल्या इग्वानांना निरनिराळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा उबदार जागेतील प्राणी अधिक संख्येने वाचले आणि थंड जागेतील अधिक संख्येने दगावले. आजारात शरीर रक्तातील लोहही आवरून धरते, कारण अनेक जीवाणूंना वाढीसाठी लोह लागते. भूक मंदावते, अंग मोडून येते, मूल पडून राहते. मधल्या काळात लसिकाग्रंथींमध्ये त्या विशिष्ट जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असतात. त्याला काही दिवस लागतात, आणि बहुतेक विषाणुजन्य ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतात.

मात्र या उत्तरालाही मर्यादा आहे. उत्तर प्रमाणाबाहेर गेले तर ते जंतूंइतकेच घातक ठरते. सेप्सिसची २०१६ मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय व्याख्या हेच सांगते : संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागून जीव धोक्यात येणे, म्हणजे सेप्सिस. कोविडच्या साथीत याचा प्रत्यय आला. २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले. ते औषध विषाणूला मारत नाही, शरीराच्या अतिरेकी प्रतिसादाला लगाम घालते. तेव्हा थर्मामीटरवरील आकड्यापेक्षा रुग्णाची एकंदर अवस्था महत्त्वाची. १०३ ताप असूनही औषधानंतर हसणारे, पाणी पिणारे मूल मला निर्धास्त करते. १०० ताप असलेले, पण नजर न देणारे मूल माझी झोप उडवते.

नवजात शरीर गप्प का राहते?

गर्भाशयात नऊ महिने बाळ आईच्या शरीराला चिकटून वाढते. आईच्या पेशी त्याच्या दृष्टीने अर्ध्या परक्या असतात. त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले तर दोघांचाही नाश, म्हणून निसर्गाने गर्भाच्या रोगप्रतिकारशक्तीला सबुरीचे वळण लावले आहे. जन्माच्या क्षणी ते बाळ जंतूंनी भरलेल्या जगात येते, पण सबुरीची सवय एका दिवसात सुटत नाही. त्याच्या अस्थिमज्जेतील पांढऱ्या पेशींचा राखीव साठा तुटपुंजा असतो, मोठा हल्ला झाला की चटकन संपतो. रक्तातील पूरक प्रथिने मोठ्यांपेक्षा कमी असतात. आईकडून वारेतून मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतात, त्यामुळे अपुऱ्या दिवसांचे बाळ ती शिदोरी न घेताच बाहेर पडते.

शिवाय बाळाला उष्णता निर्माण करण्यासाठी मोठ्या माणसासारखे थरथरता येत नाही. मान, खांदे आणि पाठ येथील खास चरबी जाळून ते ऊब मिळवते, आणि ती पुंजी लहान असते. म्हणून गंभीर संसर्गात नवजात बाळाला ताप येऊ शकतो, पण पुष्कळदा ते उलट गार पडते. रडणे क्षीण होते, दूध ओढणे मंदावते, हातपाय सैल पडतात. मोठे मूल आजारी पडले की घर डोक्यावर घेते. नवजात बाळ आजारी पडले की शांत होते, आणि दमलेल्या घराला ती शांतता हवीहवीशी वाटते.

एक रात्र

ही गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी निवासी डॉक्टर होते. पावसाळ्याची रात्र, बाह्यरुग्ण विभागाबाहेर ओल्या चपलांचा ढीग. जवळच्या खेड्यातून एक आजी नऊ दिवसांच्या नातवाला छातीशी धरून आल्या. मागे बाळंतीण भिंतीला टेकून उभी होती. "बिटिया, बुखार तो है नहीं," आजी मला म्हणाल्या, "बस, कल से दूध नहीं पकड़ रहा." मी बाळाला तपासले. थर्मामीटरचा पारा ९६ च्या आसपास होता. बाहेर पाऊस, बाळ ओल्या फडक्यात. गार लागणारच, असे मी मनाशी म्हटले. छाती स्वच्छ वाटली. दूध कसे पाजावे हे मी आईला समजावून सांगितले, कोरडे फडके दिले आणि सकाळी दाखवायला या म्हणून कागदावर लिहून दिले.

सकाळी ते आले. आजींच्या हातातील बाळ तेव्हा कण्हत होते आणि पोट फुगले होते. आम्ही सर्व काही केले. दुपारी बाराच्या आत ते गेले. आजींनी मला दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बुखार तो था ही नहीं, फिर क्या हुआ?" माझ्याजवळ उत्तर होते, पण रात्री ते मला सुचले नव्हते. पुस्तकात मी ते वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही होते. आजींनी मला दोन लक्षणे स्वतःच्या तोंडाने सांगितली होती, तिसरे थर्मामीटर सांगत होते, आणि मी तापाची वाट पाहत राहिले.

गडचिरोलीचा धडा

त्यानंतर थोड्याच काळात, डिसेंबर १९९९ मध्ये, 'लॅन्सेट' या नियतकालिकात गडचिरोलीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले होते. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळांना तपासत, वजन करीत, श्वास मोजत, तापमान घेत, ऊब व स्तनपान यांविषयी आयांना शिकवत. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली आणि कुटुंब रुग्णालयात जाण्यास तयार नसले, तर त्या घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल देत. या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो सुमारे २५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सुमारे १७ दगावत, उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण तीनाच्या आत आले.

त्या अहवालाने मला जागे केले ते या आकड्यांमुळे, आणि त्याहून अधिक त्यामागच्या निरीक्षणामुळे. पुढे २००५ मध्ये याच गटाने आपल्या नोंदींवरून गावपातळीवर सेप्सिस ओळखण्याची सात लक्षणे मांडली : दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे; रडणे क्षीण होणे किंवा थांबणे; हातपाय सैल पडणे; उलट्या किंवा पोट फुगणे; अंग गार लागणे; श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे; बेंबीत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसली तर संसर्ग समजावा. या यादीत रक्ततपासणी नाही, एक्स-रे नाही. अंग गार लागणे आहे, तापाला जागाच नाही. डोळे, हात आणि आईचे बोलणे ऐकणारा कान एवढ्यावर ही यादी वापरता येते. त्या रात्री माझ्यासमोर यांतली निदान दोन लक्षणे होती.

भारत सरकारने २०११ मध्ये घरपोच नवजात सेवेचा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे गडचिरोलीच्या अनुभवाचे मोठे बळ आहे. आशा कार्यकर्ती पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येते. आपल्या मध्यप्रदेशाला याची गरज किती आहे, हे सांगायला एकच आकडा पुरे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्यातील बालमृत्युदर दर हजारी ४३ होता, देशात सर्वाधिक. त्या वर्षी देशाची सरासरी २८ होती. या मृत्यूंतील मोठा वाटा पहिल्या महिन्यातला असतो.

उलट्या दिशेची चूक

आता पुन्हा मांडवातल्या आजोबांकडे येऊ. सर्दी, खोकला आणि दोन दिवसांचा ताप असलेल्या मुलाला 'जालीम' औषध देण्याचा मोह आपणा डॉक्टरांनाही होतो, हे कबूल केले पाहिजे. दवाखान्यात गर्दी असते, समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात आणि प्रतिजैविक लिहायला दहा सेकंद. परंतु विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. ते मुलाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारते आणि जे जंतू त्याला पुरून उरतात त्यांना मोकळे रान देते.

त्याची किंमत कोण मोजतो? दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सेप्सिस झालेल्या बाळांच्या रक्तात सर्वाधिक आढळलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर होता आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. क्लेब्सिएलामध्ये हे प्रमाण ५४ टक्के होते. मोठ्या मुलाच्या सर्दीसाठी लिहिलेल्या एका चिठ्ठीपासून त्या बाळाच्या पाळण्यापर्यंत सरळ रेघ ओढता येणार नाही. पण औषधांचा साठा सर्वांचा मिळून एकच आहे. गरज नसलेल्या ठिकाणी तो आपण उधळतो, आणि ज्याच्याजवळ स्वतःची फौज नाही त्या नवजात बाळाला औषधाची खरी गरज पडते तेव्हा कपाट रिकामे निघते.

अनावश्यक औषधाचा धोका याहूनही थेट असू शकतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचे प्राण घेतले. मूत्रपिंडे निकामी होऊन ती गेली. मूळ आजार होता साधा सर्दी-खोकला व ताप, ज्यातून त्यांचे शरीर बहुधा स्वतःच सावरले असते. दोष औषधातील विषाचा होता, यात शंका नाही. तरीही लहान मुलाच्या प्रत्येक खोकल्याला बाटली हवीच का, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

घरासाठी थोडेसे

तीन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलाला ताप आला तर मूल खेळते का, पाणी व दूध घेते का, लघवी नीट होते का, हे पाहावे. ते अस्वस्थ असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे, किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदच आहे. श्वास मोजायला शिकावे : मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास झाल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी. मूल गुंगीत असेल, आकडी आली असेल, काहीच पीत नसेल, अंगावर न दबणारे लाल-जांभळे ठिपके असतील, तर ताप कितीही असो, लगेच निघावे.

तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश वा अधिक असेल तर सकाळची वाट पाहू नये. आणि पहिल्या महिन्यात बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, गार लागले, तर तापाचीही वाट पाहू नये.

बाळाची फौज लहान असली तरी निसर्गाने त्याला निःशस्त्र पाठवलेले नाही. जन्मतः अंगावर असलेल्या पांढऱ्या लेपात जंतुनाशक प्रथिने असतात. तो खरवडून काढू नये. पहिली अंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक हा तर प्रतिपिंडांचा आणि जिवंत पेशींचा खजिना आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. मध, गुटी, साखरेचे पाणी यांचे बोट तोंडात घालू नये आणि नाळेवर हळद, राख, तेल काहीही लावू नये. ती कोरडी राहिली की आपोआप गळते.

आपल्याकडे पाचवी पुजण्याची रीत आहे. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे विधिलिखित लिहिते, म्हणून बायका जाग्या राहतात. इथल्या शेजारणी छठी करतात. पहिल्या आठवड्यात बाळे अधिक जातात, हे आपल्या पणज्यांनी कोणत्याही पाहणीविना ओळखले असावे आणि भीतीच्या पोटी का होईना, त्या दिवसांत कोणीतरी जागे राहील अशी सोय करून ठेवली असावी. ते जागरण मला मोलाचे वाटते. फक्त त्या रात्री बाळाचे पाय हाताने चाचपून पाहावेत, ते ऊबदार आहेत ना. आणि ते नीट पिते आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

त्या नऊ दिवसांच्या बाळाचे नाव ठेवलेले नव्हते. नोंदवहीत आईच्या नावापुढे 'का बच्चा' एवढेच लिहिले होते. हा लेख वाचून एखाद्या घरात कोणी म्हणाले, "ताप नाही, तरी आत्ताच दाखवून येऊ," तर त्याचे माझ्यावर असलेले ऋण थोडेसे फिटेल.